पडदा

नातवंडांना गोष्टी सांगणें हा आजोबांचा धर्मच होय, असें मानण्याची आपल्याकडे चाल आहे. बारामतीच्या आमच्या जुन्या घरांत आम्हीही तो यथाशक्ति पाळीत आलों. चिरंजीव आणि सूनबाई दोघेंही सकाळींच कामावर जातात. त्यामुळें दुपारीं शाळेची गाडी फाटकाशीं थांबल्यापासून दिवेलागणीपर्यंत नऊ वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू हे दोन जीव आमच्या स्वाधीन असतात. दप्तरें सोप्यांत पडतात, मोजे कोठेंतरी नाहींसे होतात, आजीच्या हातचें थालीपीठ संपतें आणि मग प्रश्न येतो, "आबा, आज काय?"

बारामतीच्या आजोबाला एक सोय आहे. मोरोपंत आमच्या गांवचे. १७२९ सालीं पन्हाळ्यास जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयास येथें राहिले आणि १७९४ सालीं येथेंच वारले. त्यांनीं एकशें आठ रामायणें रचिलीं असें सांगतात. त्यांतील एक निरोष्ठ, म्हणजे ओठास ओठ लागेल असें अक्षरच त्यांत नाहीं. प, फ, ब, भ, म हीं पांचही वर्ज्य! रामायण सांगावयाचें आणि 'राम' म्हणावयाचें नाहीं! मोठमोठ्या टीकाकारांनीं ही शब्दांची कसरत म्हणून नाक मुरडलें आहे, आणि तरुणपणीं आम्हींही मुरडलें होतें. पण मुलांपुढें ती मांडून पाहावी. ज्याचे ओठ मिटतील तो बाद, असा खेळ आम्हीं सुरू केला, तों नातू पहिल्याच शब्दाला हरला. कारण तो "आबा" म्हणाला. क्षणभर विचार करून त्यानें आमचें नांवच बदलून टाकलें, आणि त्या दिवशीं रात्रीपर्यंत आम्ही 'आजा' होतों.

पुस्तकांचें मात्र इतकें सरळ नाहीं. आमची नात इंग्रजी पुस्तकांचे ठोकळे दोन दिवसांत फस्त करिते. पण मराठी जोडाक्षर आलें कीं तिची गाडी रुळावरून घसरते. एकदां 'ज्ञ'पाशीं ती अडली तेव्हां आम्ही नको तितकें बोलून गेलों. ती रडली नाहीं, पण त्यानंतर तिनें आमच्यासमोर मराठी पुस्तक उघडलें नाहीं. दोष शाळेचा म्हणावा, तर इंग्रजी शाळेचा आग्रह सर्वांत अधिक आम्हींच धरिला होता.

प्रायश्चित्त म्हणून आम्हीं स्वतःच रोज वाचून दाखवावयाचें ठरविलें आणि कपाटांतून 'श्यामची आई' काढलें. साने गुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेलें हें पुस्तक आम्हांला जवळजवळ पाठ आहे. अत्र्यांनीं १९५३ सालीं त्यावर काढलेला आणि राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळविणारा चित्रपट आम्हीं लहानपणीं जत्रेंतील तंबूंत पाहिला, तोही पडद्याच्या मागल्या बाजूनें! तिकिटाला पैसे नव्हते. त्यामुळें त्या चित्रपटांतील सारीं माणसें आमच्या स्मरणांत अद्याप डावखुरीं आहेत, आणि आरंभींचीं नांवें उलट्या अक्षरांत. मुलांना हें इतकें आवडलें कीं पुस्तक राहिलें बाजूला आणि तंबूच चार दिवस चालला.

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. वर्षभरापासून आमच्या दृष्टीच्या ऐन मध्यावर एक धुरकट डाग बसला आहे. ज्या अक्षराकडे पाहावें तेंच नाहींसें होतें. शेजारचीं शाबूत असतात. डोळ्याचा पडदा मध्यभागीं झिजला असून गेलेली नजर परत येणार नाहीं, असें वैद्यबुवांनीं स्पष्ट सांगितलें. आम्हीं ही गोष्ट घरांत कोणालाच कळविली नाहीं. का, तें विचारूं नये. म्हातारपणीं माणसाला जो थोडा मान उरतो, त्यांतला बराचसा वर्तमानपत्र स्वतः वाचण्यांत असतो.

तेव्हां आम्ही पुस्तक मांडीवर उघडून पाठ म्हणत असूं. जेथें आठवण तुटे तेथें पदरचें घालीत असूं. हें कित्येक दिवस बिनबोभाट चाललें. एका संध्याकाळीं नात आमच्या खांद्यावरून पुस्तकांत डोकावत होती. ती हळूच म्हणाली, "आबा, हें ह्या पानावर नाहींये."

आम्ही म्हटलें, "अगं, पुढचं आहे."

"पण तुम्ही पान उलटलंच नाहीं. कालपण नव्हतं उलटलं."

नातू टकमक पाहत होता. तिनें पुस्तक आमच्या हातांतून काढून घेतलें, बोट ठेविलें आणि वाचूं लागली. दर ओळींत दोनदां अडखळली. आम्हीं एकही अक्षर सुधारलें नाहीं. सुधारावयास दिसत कोठें होतें? दिवा लागेपर्यंत दीड पान झालें.

रात्रीं तिनें आईला सांगितलें. मग व्हावयाचें तें सारें झालें: रागें भरणें, पुण्याच्या खेपा, दुसऱ्या वैद्याचा तोच निकाल.

त्याच सुमारास एके रविवारीं आम्हीं मुलांसह 'श्वास' पाहिला. २००४ साली प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा हा चित्रपट. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीकडे आणला तो ह्यानेंच, मध्यें पन्नास वर्षें लोटल्यावर. त्यांतील कोंकणांतल्या पोराच्या डोळ्यांच्या पडद्यास कर्करोग झालेला असतो. प्राण वांचवावयाचे तर दृष्टि द्यावी लागणार. शस्त्रक्रियेपूर्वीं आजोबा त्याला घेऊन रुग्णालयांतून बाहेर पडतात आणि शहर दाखवितात. हें मुलांना दाखवावें कीं नाहीं ह्यावर घरांत बराच वाद झाला होता. आमचें मत, दाखवावें. पण चित्रपट संपल्यावर नातू गप्प बसला तेव्हां तें मत डळमळलें, हें कबूल केलें पाहिजे.

झोपतांना त्यानें विचारलें, "आबा, तुम्हांला काय काय बघायचं राहिलंय?"

आम्हीं थट्टेनें सांगितलें, "पाण्यांतलं देऊळ."

उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हां इंदापूर तालुक्यांतलें जुनें पळसदेव भीमेच्या पाण्याखालीं गेलें. धरणाचें पाणी फार उतरलें कीं पळसनाथाचें मंदिर उघडें पडतें. इतकीं वर्षें उशाशीं राहून आम्ही गेलों नव्हतों. थट्टा अंगाशीं आली. मे महिन्यांत, पाणी उतरल्याची बातमी येतांच, पोरांनीं आम्हांला ओढून नेलें.

होडींतून उतरल्यावर नात पुढें झाली आणि दगड वाचावा तसें देऊळ वाचूं लागली. येथें हत्ती आहे, येथें बाई आहे, तिचा हात तुटला आहे, येथें शिंपले चिकटले आहेत. आम्ही हातांनीं चांचपून पाहत होतों. दगड तापला होता, खांचांत गाळ सुकला होता. दूर उथळ पाण्यांत कांहीं उशिरा राहिलेले रोहित पक्षी होते म्हणे. नातवानें आमची मान धरून वळविली. "सरळ नका बघूं. थोडं बाजूला बघा, मग दिसतील." ही युक्ति आम्हींच त्याला सांगितली होती. बाजूला पाहिल्यावर खरोखरच पाण्यावर एक फिकट गुलाबी रेघ हलली. किती, म्हणून विचारलें. नातू म्हणाला, शंभर. नातीनें मोजून एकोणीस सांगितले.

परततांना ती एस. टी.च्या खिडकींतून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानें वाचीत होती. इंदापुरांत एका पाटीवरच्या जोडाक्षरापाशीं अडली आणि संवयीनें आमच्याकडे वळली. आम्हांला ती पाटी दिसलीच नव्हती, आणि गाडी तर पुढें निघून गेली होती.

"राहूं द्या," ती म्हणाली, "पुढच्या वेळीं बघेन."