मेंढीचं दूध, चीज आणि कोकराचा वाटा

विश्रांतवाडीत माझा गाईच्या दुधाचा रतीब आहे. तिथल्या एक ताई घरी चीज बनवतात. परवा म्हणाल्या, "दादा, मेंढीचं दूध मिळेल का? आठवड्याला २० लिटर. भाव तुम्ही सांगा." असं म्हटल्यावर कुणाचा जीव खालीवर होणार नाही?

सध्या आमच्या चऱ्होलीच्या रानात धनगरांचा वाडा बसलाय. सगळ्या दख्खनी मेंढ्या. तात्यांना विचारलं तर आधी हसले. मग पाच-सहा मेंढ्या पिळून जेमतेम लिटरभर दूध दिलं, तेही आधी कोकरू सडाला लावून. घरी लिंबू पिळून फाडलं तर पनीर पाव किलोच्या वर भरलं. आमच्या गाईचं लिटरला १७५ ग्रॅमच्या पुढं जात नाही. गाईच्या दुधात प्रथिनं सव्वातीन टक्क्यांच्या आसपास, मेंढीच्या दुधात साडेपाच, फॅटही सहा-सात. म्हणून किलोभर चीजला गाईचं १० लिटर लागतं, तिथं मेंढीचं ५-६ लिटरात भागतं.

म्हणजे दर्जात दख्खनी कमी नाही, अडतंय पान्ह्यावर. दुधाळ जातींच्या कासेत बरंच दूध खालच्या पोकळीत साठतं, ते कोकराशिवायही पिळता येतं. आपल्या मेंढीचं दूध वर गाठींतच राहतं, कोकरू दिसल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही.

फ्रान्सचं रॉकफोर चीज फक्त लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधाचं करतात. तिथं आधी लिटर पाहून निवड केली, पण लिटर वाढले की दूध पातळ होतं. म्हणून १९८० च्या दशकात फॅट-प्रथिनांचे टक्केही निवडीत धरले. दुधाळ मेंढा आणायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा. आपल्याकडे फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून 'नारी सुवर्णा' केली, त्या कामात इस्रायलची दुधाळ अवासीही वापरली. पण तिथं हेतू जुळी जगवण्याचा होता, चीजचा नाही.

तात्यांचा हिशोब मात्र साधा. "दूध तुम्ही नेलं तर कोकराला काय पाजू? माझा पैसा कोकरातच हाय." खोटं काय त्यात? त्यांचं पोट कोकराच्या वजनावर चालतं.

शेवटी ठरलं ते असं: अडीच महिन्यांची, चारा खाणारी कोकरं असलेल्या दहाच मेंढ्या. रात्री कोकरं वेगळी बांधायची, सकाळी एकदाच पिळायचं, तेही कास पूर्ण रिकामी न करता. मग दिवसभर कोकरं आईजवळ. दूध गोठवून साठवता येतं, त्यामुळं रोज विश्रांतवाडीची फेरी नको. ताईंना सांगितलं, २० लिटर विसरा, ५ लिटर साठले की आणतो.

दर आठ दिवसांनी कोकरं काट्यावर घेणार. वजन मागं पडलं तर त्याच दिवशी पिळणं बंद, हे तात्यांना कबूल केलंय. नारी सुवर्णाचं दूध कुणी मोजलं असेल तर लिटर आणि फॅट दोन्ही कळवा.