विलायतेतील आमची चूल आणि हिशेबाची वही

विलायतेची यात्रा करून आलेल्या गृहस्थास शहरांतील मंडळी 'काय काय पाहिलेत?' असे विचारतात. आमच्या भातसानगरात पहिला प्रश्न आला तो निराळाच: 'तिकडे जेवलात काय, आणि माणशी केवढ्याला पडले?' भातसा धरणाच्या कामाच्या निमित्ताने शहापूर तालुक्यात वसलेली ही वसाहत. येथे पगार मोजून येतो आणि मोजूनच जातो. तेव्हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे सविस्तर उत्तर पुढेमागे असा प्रवास करू इच्छिणाऱ्या इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. त्यात आमची एक चूकही सांगावयाची आहे.

मंडळी चार: आम्ही, सौभाग्यवती, आमच्या थोरल्या काकू आणि बारा वर्षांचा पुतण्या. मुक्काम आठ दिवसांचा, शहर लंडन. विमानाचे भाडे व बिऱ्हाडाचे भाडे हे खर्च एकदा ठरले की ठरले. अनिश्चित राहतो तो पोटाचा खर्च. पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात, हे ध्यानी धरून आम्ही माणशी दररोज पंचवीस पौंड नेमले. चौघांचे शंभर, आठ दिवसांचे आठशे. म्हणजे ऐंशी-नव्वद हजार रुपयांची रक्कम. निघण्यापूर्वीच ती वेगळी काढून प्रवासी कार्डावर भरून ठेविली.

पंचवीस पौंडांची वाटणी अशी: सकाळची न्याहारी व चहा बिऱ्हाडी, दोन पौंड; दुपारी दुकानातून घेतलेले सँडविच, फळ व पेय, पाच पौंड; दिवसातून एक ऊन जेवण खाणावळीत, पंधरा पौंड; उरलेले तीन मधल्या चहापाण्यास. हे जमावयाचे तर खानावळवजा हॉटेलात न उतरता स्वयंपाकघरासह जागा भाड्याने घ्यावी. आमच्या जागेत शेगडी, भांडी व शीतकपाट होते. तूरडाळ व तांदूळ वेम्बली येथील ईलिंग रोडवरच्या दुकानांतून मिळाले. पहिल्याच रात्री फोडणीच्या धुराने छतावरील गजर असा काही ठणाणा करू लागला की, पुढे खिडकी उघडल्यावाचून आमच्या घरी मोहरी तडतडली नाही.

सामान बांधणाऱ्या भगिनींस एक सूचना. मांस आणि दूधदुभत्याचे पदार्थ हिंदुस्थानातून तिकडे नेण्यास बंदी आहे. तेव्हा तूप, पेढे, बर्फी यांचा मोह टाळावा. मेतकूट, थालीपिठाची भाजणी व कोरडी लसणीची चटणी ही आमच्याबरोबर सुखरूप पोहोचली.

खाण्याच्या दरांतही काही खुब्या आहेत. तेथे बांधून नेलेल्या बहुतेक थंड खाद्यपदार्थांवर व्हॅट नाही. तोच पदार्थ दुकानात बसून खाल्ला, किंवा ऊन पदार्थ घेतला, तर शेकडा वीस कर लागतो. म्हणून एकाच सँडविचला पुष्कळ ठिकाणी दोन किमती असतात. हवा बरी असली तर बागेतील बाक हेच आपले भोजनगृह. खाणावळीच्या बिलात बहुधा शेकडा साडेबारा सेवाशुल्क मिळविलेले असते. ते सहसा ऐच्छिक असते, पण हिशेबात धरून चालावे हे बरे. पाणी मात्र विकत घेऊ नये. नळाचे पाणी निर्धास्तपणे पिता येते, आणि मद्यविक्रीचा परवाना असलेल्या उपाहारगृहाने मागणाऱ्यास ते फुकट द्यावे असा इंग्लंडात नियमच आहे. मुंबईची तहान भागविणाऱ्या जलाशयांपैकी सर्वांत मोठा वाटा उचलणाऱ्या भातसेच्या काठची आम्ही माणसे; आमच्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मागताच समोर आलेला तो पाण्याचा पेला रिकामा केल्याखेरीज आम्हांपैकी कोणी उठले नाही.

येथवर सर्व यथासांग चालले होते. आता चुकीकडे वळतो.

दररोज रात्री वही उघडून दिवसाचा खर्च मोठ्याने वाचून दाखविण्याचा आमचा परिपाठ. वाचताना आकडा पौंडांत सांगून थांबावे, तर तसे नाही. आम्ही तो रुपयांत फिरवून सांगत असू. 'चार चहा, बारा पौंड. म्हणजे बाराशेच्या वर!' यात आम्हांस काटकसरीचे भूषण वाटे. शहापूरच्या एस.टी. स्थानकावर पाच-दहा रुपयांच्या चहाचा भाव करणाऱ्या काकूंच्या मनावर या आकड्यांचा काय परिणाम होत असेल, याचा विचार आम्ही केला नाही. तिसऱ्या दिवशी खाणावळीत त्या म्हणाल्या, 'मला काही नको, आज एकादशी.' पाचव्या दिवशी म्हणाल्या, 'आज संकष्टी.' एकादशीनंतर दोनच दिवसांनी संकष्टी कोठून येणार, हे सौभाग्यवतींच्या ध्यानी आले. पण तोवर उशीर झाला होता. त्याच सायंकाळी भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांवर काकूंस भोवळ आली. शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी बाईंनी त्यांस सावरून बसविले व पाणी दिले. प्रसंग तेवढ्यावरच निभावला.

दुसऱ्या दिवशी दूरची ठिकाणे रद्द करून, काकूंस भरपेट न्याहारी देऊन, आम्ही प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी गेलो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत असत. ही वास्तू महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, दुपारच्या जेवणास बहुधा फाटा, आणि रात्री उशिरा भुकेने जीव कासावीस झाला म्हणजे जवळचे चार पापड भाजून कपभर दुधाबरोबर खावयाचे, असे त्यांच्या त्या दिवसांचे वर्णन धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आहे. याच मुक्कामात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लिहिला व १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी मिळविली. एका पौंडास सुमारे पंधरा रुपये पडत, असा तो काळ. रुपयाच्या मोलाचा शोध घेणाऱ्या त्या विद्वानास स्वतःच्या जेवणासाठी मात्र पुरेसे रुपये नव्हते! त्यापूर्वी, १८८८ ते १८९१ या काळात, गांधीजींनीही याच शहरात खोलीत स्वतः स्वयंपाक करून दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आणला होता.

हे सर्व आम्ही काकूंस सांगितले. त्या काही वेळ त्या खोलीकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, 'त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून ते पापडावर राहिले, आणि तरी रात्र रात्र वाचीत बसले. माझ्यासाठी तू पैसे काढून ठेवलेस, आणि मी तुझ्या वहीला भिऊन उपाशी राहिले. यात पुण्य कसले रे?'

यावर बोलण्याजोगे आम्हांजवळ काही नव्हते. त्या रात्री वही उघडली, पण रुपयांचा रकाना काट मारून बंद केला. काकूंस सांगितले की, हे पैसे शहापुरातच खर्च होऊन गेले आहेत. येथे आपण ते केवळ जेवीत आहोत. त्या हसल्या. पुतण्यास नेमले की, दररोज शंभरांतून किती उरले एवढेच सांगावयाचे, आणि उरले तर दुसऱ्या दिवशी गोड खावयाचे.

उरलेल्या दोन दिवसांत आमचे जेवण सर्वांत चांगले झाले, आणि खर्च नेमणुकीबाहेर गेला नाही. साउथहॉल येथील श्री गुरु सिंग सभेच्या गुरुद्वारात आम्ही मस्तक झाकून, भुईवर पंगतीत बसून लंगरचा प्रसाद घेतला. ती काही स्वस्त खाणावळ नव्हे. म्हणून यथाशक्ति दान टाकले, आणि काकूंनी आपण होऊन पोळ्या लाटण्यास हात लावला. पुढे हाउन्स्लोत वडापाव खाल्ला. मुंबईच्या रिझवी महाविद्यालयातील सुजय सोहनी व सुबोध जोशी या दोन मित्रांनी मंदीच्या काळात, २०१० साली, 'श्रीकृष्ण वडापाव' या नावाने तेथे धंदा मांडला आणि आरंभी एका पौंडास एक वडापाव विकला. काकूंनी दोन मागविले, आणि रुपयांचा आकडा विचारला नाही.

तात्पर्य, परदेशी जेवणाचे अंदाजपत्रक घरी बसून कडकपणे करावे. तेथे गेल्यावर ते एकाने पाहावे व बाकीच्यांनी जेवावे. घरातील वडील माणसे मुलांचे पैसे वाचविण्यासाठी उपास करतात, आणि तो देवाच्या नावावर लिहितात. त्यांचे ताट हा वहीतील पहिला आकडा असावा. आम्हांस हे कळण्यास पाच दिवस लागले. वाचकांस तितके लागू नयेत.