मनात सरकून गेलेलं वाक्य

ॲरन बेक हे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला ते मनोविश्लेषणाच्या पद्धतीने उपचार करत. रुग्णाने कोचावर पडायचं आणि मनात येईल ते बोलत राहायचं. एका सत्रात एक रुग्ण बेक यांच्यावरच संतापून बोलू लागला. आत्ता काय वाटतंय, असं विचारल्यावर तो म्हणाला, फार अपराधी वाटतंय. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की तोंडाने टीका चालू असताना त्याच्या मनात वेगळीच वाक्यं सरकत होती: मी असं बोलायला नको होतं, मी वाईट आहे, आता यांना मी आवडणार नाही. ती सांगण्याजोगी आहेत हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बेक यांनी त्यांना स्वयंचलित विचार असं नाव दिलं. मी आज ज्या पद्धतीने समुपदेशन करते, तिची एक मोठी मुळी इथे आहे.

"मला माझा स्वभाव बदलायचाय," असं म्हणत पुष्कळ जण येतात, दिवाळीच्या आणि नव्या वर्षाच्या संकल्पांनंतर तर हमखास. स्वभावाला एकदम हात घालता येत नाही. म्हणून मी रोज किंवा जवळजवळ रोज घडणारा एकच प्रसंग निवडायला सांगते.

समजा, एका आईचा मुलगा नोकरीसाठी परदेशी आहे. तिने व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही. संध्याकाळपर्यंत तिचं कशात लक्ष लागत नाही. रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा ती तुटक बोलते, तोही लवकर फोन ठेवतो आणि तिची समजूत आणखी पक्की होते. विचारलं तर ती सांगेल, "त्याने उत्तर दिलं नाही म्हणून वाईट वाटलं." मधलं वाक्य तिच्या हातून निसटलेलं असतं. ते असतं, "त्याला आता माझी गरज उरली नाही." पहिले काही दिवस हे वाक्य नुसतं पकडून वहीत उतरवायचं. एवढंही अनेकांना जड जातं, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

मग पानावर रकाने आखायचे: प्रसंग, मनात आलेलं वाक्य, भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी किती, वाक्याच्या बाजूने पुरावे, विरुद्ध पुरावे, आणि सगळं पाहून नव्याने लिहिलेलं वाक्य. शेवटी तीव्रता पुन्हा मोजायची. पुराव्यांचे रकाने लोक घाईने उरकतात, मी तिथेच जास्त थांबवते. बाजूने: या आठवड्यात दोनदा उत्तर आलं नाही. विरुद्ध: निरोप पोचला तेव्हा त्याची कामावर निघायची वेळ होती. आईचे गुडघे दुखत होते तेव्हा डॉक्टरांशी तोच बोलला. नोकरीतला पेच त्याने सर्वांत आधी तिलाच सांगितला. नवं वाक्य असं होऊ शकतं: "गडबडीत त्याचं उत्तर राहून जातं. मला ते लागतं, आणि हे मी त्याला सांगू शकते." तीव्रता ८० वरून ५५ वर आली तरी मला ते यश वाटतं. शून्याचा हट्ट धरू नये. मुलाची आठवण येणं हा आजार नाही.

आरशासमोर उभं राहून गोड वाक्यं घोकण्याचा सल्ला हल्ली फार दिला जातो. तो मी देत नाही. जोआन वुड आणि सहकाऱ्यांचं २००९ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य मनाशी म्हणायला लावल्यावर, ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता त्यांना आणखी वाईट वाटलं. न पटलेलं वाक्य म्हणताच मन त्याच्या विरुद्धचे दाखले काढू लागतं. वहीतलं नवं वाक्य स्वतःला पटलेलं असावं लागतं, मग ते कितीही साधं असो.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. ती आपल्याकडे रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस वाक्यात दडलेली हुकमी मागणी शोधायला लावतात. 'त्याने उत्तर द्यायलाच हवं' असं धरून बसलं की रुसवा ठरलेला. 'दिलं तर मला बरं वाटेल' म्हटलं की बोलायला वाट राहते. एलिस यांचा दुसरा आग्रह कृतीचा. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती वाटे. ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन ते शंभरावर अनोळखी स्त्रियांशी स्वतःहून बोलायला गेले. भेटायला एकच कबूल झाली, तीही आली नाही. पण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांनी अनुभवलं आणि भीती ओसरली. म्हणून त्या आईलाही मी त्याच दिवशी मुलाला लिहायला सांगेन, "घाईत असलास तर नुसता अंगठा पाठव, मला पुरेल."

मात्र घरात मारहाण होत असेल, पगार थकला असेल, तर आधी परिस्थिती बदलायला मदत हवी. अशा माणसाला 'दृष्टिकोन बदला' सांगणं मला क्रूर वाटतं. झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली, जगणं नकोसं झालं, तर वही बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

किती दिवस लागतील, हे सगळेच विचारतात. एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरली. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला लागणारा काळ त्यांनी पाहिला होता. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नव्या सवयी अभ्यासल्या. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, पण कुणाला १८ पुरले तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. विचारांच्या सवयीलाही मी हाच धीर देते. लक्ष्मीपूजनाच्या धांदलीत वही राहिली, तर दुसऱ्या दिवशी समोर येईल त्या प्रसंगापासून लिहायला घ्यावं, मागची कोरी पानं भरत बसू नये.