डोक्याला इरले, पायाला काय?

आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या माणसाने पावसापासून डोके वाचवण्यासाठी काय काय नाही केले! बांबूच्या सांगाड्यावर पाने अंथरून इरले केले, कांबळ्याची खोळ केली, पुढे प्लास्टिकचा कागद आला, रेनकोट आला. पण पायांसाठी? काही नाही. चामड्याची वहाण मिरग लागला की माळ्यावर जायची ती दिवाळीला खाली उतरायची. मधले चार महिने पाय उघडे.

याला कारणे होती. शेत म्हणजे लक्ष्मी, तिच्यात पादत्राण घालून उतरायचे नाही ही एक भावना. दुसरे कारण रोकड्या व्यवहाराचे. लावणीच्या चिखलात बूट रुततो, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. पायाची उघडी बोटे मात्र चिखल धरतात.

माझे मामा पेडण्याचे. पहिल्या पावसाचे पाणी शेतात भरले आणि चढणीचे मासे व्हाळातून वर यायला लागले की त्यांना रात्री झोप येत नाही. हातात बॅटरी आणि कोयती घेऊन ते मेरेवरून निघतात. ट्रॉलरांना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत दर्यात बंदी, तेव्हा घरच्या हुमणाला आधार या व्हाळांचाच, असे ते सांगतात. (चढणीचा मासा अंडी घालायला येतो, सगळाच मारला तर पुढच्या वर्षी काय, हा आमचा दुसरा वाद!) गमबुटाचा विषय काढला की उत्तर ठरलेले, "पायांक भुंय कळूंक जाय रे. बूट घातले म्हणटकच पांय कुड्डे जातात."

काही वर्षांपूर्वी आषाढात मामांना ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की उभे राहवेना. डोळे लाल झाले आणि मग पिवळे. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेतात अनवाणी गेला होता?" लेप्टोस्पायरोसिस! उंदराच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. मूत्रपिंडापर्यंत गेले होते. मामा वाचले, पण आठ दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसरे भय सापाचे. फुरसे आणि घोणस दोन्ही आपल्या भागातली, आणि दंश बहुतेक पावलाला नाहीतर घोट्याजवळ होतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात. त्यातली बहुतेक खेड्यांतली. रबराचा साधा उंच बूट हे संकट पुष्कळ टाळू शकतो.

गंमत म्हणजे डिचोलीत बूट नवा नव्हता. धातुखाणींच्या १९६१ च्या नियमावलीत संरक्षक पादत्राणाशिवाय खाणीत जायला मनाई आहे. म्हणून दिवसभर खाणीवर बूट घालणारा माणूस संध्याकाळी तेच बूट पडवीत काढून स्वतःच्या शेतात अनवाणी उतरे. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कित्येकजण शेताकडे वळले, बूट मात्र मागेच राहिले. खाणीवर नियम होता, शेतात कोण नियम करणार?

माझा भाचा कॅनडात असतो. टोरोंटोच्या उत्तरेला सिमको नावाचे तळे आहे, ते थंडीत गोठते. बर्फाला भोक पाडून लोक त्यात गळ सोडून बसतात. त्याने मला फोनवर बूट कसा निवडला ते सांगितले. बूट घट्ट नको, घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. तळ जाड हवा, कारण थंडी खालून चढते. मोजे लोकरीचे हवेत, सुती मोजा घाम धरून ठेवतो. आणि बूट विकत घेण्याआधी जाड मोजे घालूनच पायात चढवून बघायचा.

मी म्हापशाच्या बाजारात मामांना घेऊन गेलो तेव्हा हेच शास्त्र उपयोगी पडले. ऊब तेवढी वगळली! पाय संध्याकाळी थोडे सुजतात म्हणून खरेदी संध्याकाळीच केली. मोजा घालून, टाचेमागे एक बोट जाईल इतका सैल बूट घेतला. तळाला खोल खाचा बघितल्या, कारण शेवाळलेल्या चिऱ्यावर गुळगुळीत तळ म्हणजे मोडलेले हाड. उंची पोटरीच्या वर.

दोन गोष्टी मात्र बर्फावरच्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत, त्या इथे सांगाव्या लागतात. बुटाच्या उंचीपेक्षा खोल पाण्यात उतरायचे नाही. आत पाणी भरले की पाय उचलत नाही, आणि वाहत्या व्हाळात ते जिवावर बेतते. आणि घरी आल्यावर बूट काठीवर उलटा टांगायचा, सकाळी झाडून मगच पाय घालायचा. उबदार अंधारी जागा विंचवालाही आवडते.

लावणीला मामा अजून अनवाणीच उतरतात, आणि ते मला पटते. त्याला उपाय वेगळा: पायाला जखम असेल तर चिखलात जायचे नाही, घरी आल्यावर साबणाने पाय धुवायचे, आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारायचे. मेरेवरून रात्री जाताना मात्र बूट. लक्ष्मीचा मान राखायला सकाळचा चिखल आहे. रात्रीच्या मेरेवर ती आपल्या लेकराचे पाय उघडे मागेल असे मला तरी वाटत नाही.