मिर्झाचा वऱ्हाडी उन्हाळा

८ मार्च, अमरावती
मुलाची बदली बंगळूरला झाली आणि मिर्झा आमच्या साईनगरच्या घरी मुक्कामाला आला. क्रीम रंगाचा पर्शियन बोका, वय दोन वर्षं. सोबतच्या पिशवीत स्टीलचा कंगवा, लसींचं कार्ड आणि रेतीचा ट्रे. वंशावळीचा कागद मात्र नाही. आपल्याकडे ही मांजरं विकणारे ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ अशी प्रतवारी लावतात. नाक जितकं आत, तितका भाव वर. आईबाप कोण म्हणून विचारलं की मोबाइलवरचे फोटो पुढे करतात. मिर्झा डॉल फेस. म्हणजे याला नाक आहे, आणि घोरत असला तरी श्वास मोकळा आहे. पोराने निवड करताना डोकं वापरलं म्हणायचं.

कामाच्या मावशींनी त्याला एकदा पुढून, एकदा मागून पाहिलं. “बाई, याच्या अंगावर त घोंगडीच हाये. मे महिन्यात हा काय करन?”

प्रश्न बरोबर आहे.

१५ मार्च
सकाळचा चहा झाला की विंचरण्याचा कार्यक्रम. वरचे केस लांब आणि त्याखाली मऊ, दाट लोकर. कंगवा वरवर फिरवला तर मांजर झकास दिसतं, पण आत नमदा तयार होत असतो. खरी मेख तीन ठिकाणी: कानांच्या मागे, बगलेत आणि मांड्यांच्या आत. बट उचलायची, मुळाशी चिमटीत घट्ट धरायची म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत यायचं. कात्री लावायची नाही. मांजराची कातडी पातळ आणि सैल. गुंत्याबरोबर तीही वर येते. आंघोळही गुंता सुटल्यावरच, कारण ओला गुंता आणखी आवळतो.

मग डोळे. चपट्या चेहऱ्यात अश्रूंच्या नळीला वाकडं वळण पडतं, त्यामुळे पाणी नाकात न उतरता गालावर ओघळतं आणि तपकिरी डाग धरतं. पाणी उकळून गार करायचं, त्यात कापूस बुडवायचा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. पहिल्या बोळ्याला मिर्झा डोळे मिटतो, दुसऱ्याला पंजा उगारतो. नखं मात्र बाहेर काढत नाही.

२ एप्रिल
मिर्झाच्या घराण्याची माहिती वाचली. पिएत्रो देल्ला व्हाले हा रोमचा प्रवासी १६२० च्या सुमारास इराणात होता. खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांवर त्याचा जीव जडला. काही जोड्या इटलीला न्यायचा त्याचा बेत होता. पोर्तुगीजांनी अशी मांजरं इराणातून हिंदुस्थानात आणल्याचंही तो सांगतो. पुढे १६२३ मध्ये तो स्वतः सुरतेला उतरला आणि गोव्यालाही गेला.

मात्र आजचं पर्शियन घडलं ते विलायतेत. १८७१ च्या जुलैत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअरने मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तिथून पुढे बक्षिसं, नोंदवह्या आणि ‘शुद्ध’ जातींची हौस वाढली. २००८ च्या जनुकीय अभ्यासात पर्शियन मांजर पश्चिम आशियातल्या मांजरांजवळ न बसता पश्चिम युरोपातल्या मांजरांजवळ बसलं. इराण उरलं ते नावात.

नाक बसकं झालं तेही विसाव्या शतकात, परीक्षकांना आवडलं म्हणून. माणसांनी आपल्या आवडीने एक चेहरा घडवला, आणि त्या चेहऱ्याचे डोळे पुसायचं काम आता माझ्याकडे आहे.

१९ एप्रिल, अकोला
भावाकडे आलेच होते, म्हणून मिर्झालाही आणलं. इथे पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. भावाच्या ओळखीचे डॉक्टर तिथेच शिकलेले. त्यांनी पोटावरचे केस काढून सोनोग्राफी केली. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. त्यामागचा जनुकातला बिघाड २००४ मध्ये सापडला. आई किंवा बाप, एकाकडून जरी तो आला तरी आजार होतो. काही देशांतल्या पाहण्यांत एक तृतीयांशाहून जास्त पर्शियन मांजरांत तो आढळला होता. मिर्झाची मूत्रपिंडं स्वच्छ निघाली. खच्चीकरणाची तारीखही घेऊन टाकली.

आमच्या शाकाहारी घराचा प्रश्नही तिथेच निकालात निघाला. मांजराला टॉरीन लागतं, ते मांसातून मिळतं आणि शरीर पुरेसं तयार करत नाही. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू कमजोर होतो, हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. वरण-भात बंद. दूधही बंद, मोठ्या मांजराला बहुधा ते पचत नाही.

५ मे
पारा ४४ वर. मांजराला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना. तोंड उघडून धापा टाकणं कुत्र्याचं नेहमीचं. मांजराने तसं केलं की सरळ दवाखाना गाठायचा. म्हणून मिर्झा झोपला की घड्याळ लावून श्वास मोजते. मिनिटाला वीस ते तीस ठीक.

दुपारी कूलर चालू, खिडकी मात्र फटभर उघडी. दमट हवेत लोकर ओलसर राहिली की गजकर्ण धरतं, आणि ते माणसांनाही लागतं. तीन खोल्यांत चिनी मातीच्या वाडग्यांत माठाचं पाणी. लाइट गेली की शहाबादी फरशीवर ओला टॉवेल. “सगळे केस उतरवून टाका ना,” असं रोज कुणी तरी सुचवतं. डॉक्टरांनी पोटावरचेच आखूड ठेवायला सांगितलंय; गोटा केला तर उन्हाने कातडी भाजते.

२५ मे
नवतपा लागला. रस्ते ओस.

मेळघाटात वाघाटी राहते. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, वजन किलो-दीड किलो. हाच उन्हाळा ती काढते. केस आखूड, नाक सरळ, रात्रीची शिकार. तिला कुणी विंचरत नाही, कुणी तिचे डोळे पुसत नाही. तिला उन्हाळ्याने घडवलंय, मिर्झाला प्रदर्शनाने. त्याला मोकळं सोडलं तर छत्री तलावापर्यंतसुद्धा निभाव लागायचा नाही. दोष त्याचा नाही. निसर्गाने त्याच्याकडून काढून घेतलं असं काही नाही, आपणच काढून घेतलं. तेवढं तरी आपण भरून द्यायला हवं.

७ जून
मृग निघाला, पाऊस नाही.

शेजारचे काका आले. त्यांच्या ओळखीत कुणाकडे पर्शियन मांजरी आहे, मेटिंगसाठी बोका हवाय. “पिल्लं विकून चार पैसे येतीन, अर्धे तुमचे.”

खच्चीकरण झाल्याचं सांगितलं. शिवाय त्या मांजरीची सोनोग्राफी केली का, असंही विचारलं. काका चकित. “पिल्लाईच्या धंद्यात सोनोग्राफी कायले पायजे?”

पिल्लू घेणाऱ्याला पुढे खर्च पडतो आणि मांजराचे हाल होतात, म्हणून पाहिजे, असं म्हटलं आणि तपासणीसाठी अकोल्याच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. कागद खिशात घालत काकांनी मिर्झाकडे पाहिलं. “मंग आता हा बोका कायच्या कामाचा?”

मावशी फरशी पुसत होत्या. “त्याले काम हाये न. बाईले सकाळी साडेपाचले उठवते.”