दुसऱ्याकडून काम करून घेणें

दुसऱ्याकडून काम करून घेणें हें तें स्वतः करण्याहून अवघड असतें, हें घर चालविणाऱ्या गृहिणीस सांगावयास नको. उरणला राहून संगणकाच्या आज्ञावल्या लिहितांना मला ह्या सत्याची वारंवार आठवण होते.

एक आज्ञावली चालू असतां तिला पुष्कळदां दुसरीकडून काम करवून घ्यावें लागतें. पहिलीस जननी व दुसरीस अपत्य समजावें. अपत्यास काम सांगणें सोपें. परंतु त्याचें बोलणें ऐकून घेणें, तें संपेपर्यंत थांबणें आणि काम फसल्यास तें जाणणें, हीं जननीचीं खरीं कर्तव्यें होत. पायथन नांवाच्या संगणकीय भाषेंत पूर्वी ह्यासाठीं अनेक वाटा होत्या व प्रत्येकीची रीत निराळी. त्यांच्या जागीं एकच प्रमाणभूत साधन असावें, अशी सूचना पीटर ओस्ट्रँड ह्यांनीं २००३ सालीं मांडली. २००४ सालच्या २.४ ह्या आवृत्तींत 'सबप्रोसेस' ह्या नांवानें तें दाखल झालें.

असें साधन रचणाऱ्यास केवढी दूरदृष्टि लागते, तें पाहा. अपत्याचें बोलणें एका नळींतून जननीकडे येतें. लिनक्समध्यें त्या नळींत सामान्यतः ६५,५३६ बाइट मावतात. नळी भरली, कीं अपत्य बोलतां बोलतां अडतें. आणि जननी तर 'तुझें काम संपूं दे, मग ऐकतें' म्हणून बसलेली! दोघेंही एकमेकांची वाट पाहत राहतात व काम कायमचें खोळंबतें. आमच्याकडे खारीच्या बांधाला उघाडी ठेवितात, ती आंत सांचलेलें पाणी ओहोटीबरोबर निघून जावें म्हणून. 'कम्युनिकेट' ही ह्या साधनांतील उघाडीच होय. ती ऐकतेही आणि थांबतेही.

दुसरी दक्षता शब्दांची. सगळी आज्ञा एका सलग वाक्यांत दिली, तर एखाद्या फाइलच्या नांवांत कोणीं दुष्टपणानें घातलेला शब्दही आज्ञा ठरूं शकतो. म्हणून येथें प्रत्येक शब्द सुटा द्यावयाचा. पुढें २०१२ सालीं कालमर्यादेची सोय झाली, आणि २०१५ सालीं 'रन' ह्या एकाच हांकेंत हें सर्व काम होऊं लागलें.

तथापि एका बाबतींत माझा मतभेद आहे. अपत्याचें काम फसलें तरी 'रन' आपण होऊन ओरडत नाहीं. 'चेक' असें मुद्दाम सांगावें लागतें. ह्यास कारण आहे. 'ग्रेप' ह्या शोधक आज्ञावलीस कांहीं सांपडलें नाहीं तर ती १ हा आंकडा परत देते, आणि न सांपडणें म्हणजे कांहीं अपयश नव्हे. तरीही माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराच्या हिशेबाची प्रत रोज रात्रीं उतरविली जात असे. तें काम कित्येक दिवस फसत होतें आणि आज्ञावली मुकाट्यानें पुढें जात होती. मूळ तबकडी बिघडली, तेव्हां सारें उघडकीस आलें. दोन महिन्यांची उधारी त्या बिचाऱ्यास आठवणीनें लिहून काढावी लागली.

प्रमाणभूत साधन रचणारा हजारों अनोळखी माणसांच्या संवयी घडवीत असतो. बहुतेक जण न सांगतां जें मिळतें, तेंच घेतात. म्हणून जेथें कांहींच सांगितलेलें नाहीं, तेथें अपयशानें गप्प न बसतां हांक मारावी, हेंच मला इष्ट वाटतें. गप्प बसण्याची परवानगी ज्यास हवी, त्यानें ती मागून घ्यावी.