देवबागची खाडी आणि दोन बोटांचा धडा

मालवणाहून दक्षिणेस तारकर्ली ओलांडून गेलें म्हणजे जमिनीची एक अरुंद जीभ लागते, तीच देवबाग. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीची खाडी, टोंकाशीं दोघांचा संगम, आणि पलीकडे भोगव्याचा किनारा. हा संगम पाहण्याचा योग गेल्या मार्गशीर्षांत आम्हांस आला. बरोबर दहा वर्षांचा नातू होता.

होडी लहान, मासेमारीची. तिच्या पाठीमागच्या फळीस आऊटबोर्ड यंत्र अडकविलेलें होतें. ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिराचें असें यंत्र अमेरिकेंत १९०९ सालीं विक्रीस आलें. आतां आमच्या कोंकणांतही त्याची धडधड नित्याची झाली आहे. देखावा नीट दिसावा म्हणून आम्ही नातवासह अगदीं पुढें, नाळेजवळ बसलों.

ओहोटी लागली होती. खाडीचें पाणी बाहेर धांवत होतें व समुद्राच्या लाटा आंत येत होत्या; त्यामुळें मुखाशीं उभ्या, आंखूड लाटा उठल्या. एका लाटेनें होडीची पिछाडी उचलली. यंत्र एकाएकीं किंचाळूं लागलें, पण होडी पुढें सरेना. उलट ती लाटांस आडवी होऊं लागली. नातवानें आमचा हात घट्ट धरला. तांडेलानें तत्काळ वेग उतरविला व ओरडून सांगितलें, "गुरुजी, मागे येवा! मशीन पाण्यात जोर धरता, वाऱ्यात नाय!" आम्ही नातवास पोटाशीं धरून, रांगतच मागें सरकलों. पिछाडी खालीं बसली, पंख्यानें पाणी धरलें, आणि होडीचें तोंड पुन्हां लाटांकडे वळलें.

किनाऱ्यास लागल्यावर तांडेलानें कारण दाखविलें. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. सामान्यतः ती होडीच्या तळाच्या पातळीस, किंवा फार तर इंचभर वर असावी. यंत्र याहून उंच बसलें, तर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून घेतो, त्याची पकड सुटते, आणि यंत्र वृथा गरगरतें. फार खालीं बसलें, तर पाण्याचा अडथळा वाढतो, वेग घटतो, इंधन अधिक जळतें, व उथळांत पंखा वाळूस लागतो. म्हणूनच १५ इंची आंखूड व २० इंची लांब दांड्याचीं यंत्रें निरनिराळीं मिळतात. फळीची उंची मोजूनच तीं घ्यावयाचीं. खाडींतील वाळूच्या भयानें तांडेलानें यंत्राखालीं दोन बोटें जाडीची लांकडी पट्टी घातली होती. खाडींत ती हितकर ठरली, पण मुखाशीं तीच घातक झाली. तींत आमच्या पुढें बसण्याची भर पडली. दोष एकट्या त्याचा नव्हता.

पट्टी त्यानें आमच्यासमोरच काढली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, भरतीचें पाणी स्थिरावल्यावर, त्याच होडींतून आम्ही संगम पाहिला. या खेपेस दोघांच्याही अंगांत तरंगतीं जाकिटें होतीं, आणि कोठें बसावयाचें तें आम्ही तांडेलास विचारूनच बसलों. जन्मभर मुलांस जागेवर बसविणाऱ्या आम्हांस स्वतःची जागा ओळखण्याचा धडा असा पाण्यावर मिळाला.